पोरगं कुठल्या शाळेत जाईल, हे कोण ठरवतं?



मे महिना चालू आहे. भट्टीवरची माणसं परतायला लागलीत, राब भाजून होत आलेत, आणि पाड्यापाड्यावर एकच बोलणं ऐकू येतंय. पोराला यंदा कुठं घालायचं? तालुक्याच्या इंग्लिश मीडियमची पिवळी गाडी आता डांबरी फाट्यापर्यंत येते. प्रकल्प कार्यालयाच्या 'नामांकित' शाळांच्या फॉर्मची चर्चा आहे. आश्रमशाळेचे शिक्षक पोरं गोळा करत फिरतायत. आणि आपल्या गावच्या झेडपी शाळेचे गुरुजी दारोदार सांगतायत की पट वीसच्या खाली गेला तर शाळेचं पुढं काय होईल ते त्यांच्या हातात नाही.

या बोलण्यात एक समज सगळ्यांच्या डोक्यात पक्का बसलाय. तो असा, की ज्या आईबापाला पोराची काळजी आहे तो पोराला बाहेर घालतो, आणि ज्याला नाही त्याचं पोरगं झेडपीत जातं किंवा भट्टीवर जातं. हे साहेब लोक बोलतात, मास्तर बोलतात, आणि आता आपण आपल्याच शेजाऱ्याबद्दल बोलायला लागलोय. 'त्याला कुठं पडलीय पोराची' असं.

माझं म्हणणं असं आहे की आपल्या पाड्यांवर शाळा आईबाप निवडतच नाहीत. घर निवडतं. घरात महिन्याला पगार येतो का, भात किती महिने पुरतं, घर बाराही महिने गावात राहतं का, दाखले कपाटात आहेत की तलाठ्याकडे अडकलेत, यावरून शाळा ठरते. मग पोरगं पुढं गेलं की नाव शाळेचं होतं, मागं पडलं की दोष आईबापाचा होतो.

कुठलाही पाडा डोळ्यापुढं आणा. रस्त्याच्या कडेला एक स्लॅबचं घर असतं. त्यात कुणी मास्तर, वनरक्षक, ग्रामसेवक किंवा एस.टी.त कंडक्टर. त्या घरचं पोरगं इंग्लिश शाळेत जातं. फी आहे, गाडीचे पैसे आहेत, बूट आहेत, संध्याकाळी क्लास आहे, आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे वही उघडून 'हे चुकलं' म्हणणारा माणूस घरात आहे. त्याच्या वरच्या अंगाला दोनचार घरं असतात ज्यांचा वनपट्टा मंजूर झालाय. खाचर आहे, विहिरीला पाणी आहे, भातानंतर भाजी होते, कुणी मोगरा लावलाय. हे घर दिवाळीनंतर गाव सोडत नाही. त्यांची पोरं गावच्याच शाळेत जातात आणि बऱ्यापैकी शिकतात.

खालच्या अंगाला कुडाची घरं. त्यांचा दावा अजून उपविभागीय समितीत पडून आहे, नाहीतर 'पुरावा अपुरा' म्हणून परत आलाय, नाहीतर दावा करायला कसण्याची जमीनच नव्हती. हे घर भट्टीवाल्याची उचल घेतं आणि दिवाळी झाली की पोराबाळांसकट, कोंबड्यांसकट ट्रकमध्ये बसतं. आणि मग एखादं घर असं की बाप नाही, आई एकटी मजुरी करते. तिची दोन्ही पोरं आश्रमशाळेत आहेत.

ती आई पोरांना आश्रमशाळेत का घालते, हे तिला विचारा. शिकवणं चांगलं आहे असं ती म्हणणार नाही. तिथं दोन वेळ जेवण मिळतं, असं सांगेल. सरकारच्या कागदात आश्रमशाळेत घालणं हा शिक्षणाचा निर्णय असतो, आपल्या पुष्कळ घरांत तो दाण्याचा निर्णय आहे. महाराष्ट्रात सरकारी आश्रमशाळा सुमारे 500 आणि संस्थांच्या अनुदानित आश्रमशाळा त्याहून थोड्या जास्तच. दोन्ही मिळून चार लाखांहून जास्त आदिवासी पोरं तिथं राहतात, शिकतात. 2016 साली डॉ. सुभाष साळुंखे समितीनं आश्रमशाळांमधल्या मुलांच्या मृत्यूंवर अहवाल दिला, तेव्हा तिथल्या आजारपणाची, साप-विंचवाची, वेळेवर दवाखान्यात न नेण्याची गोष्ट जगापुढं आली. आपल्याला ती आधीच माहीत होती. ती माहीत असूनसुद्धा आई पोराला तिथं सोडते. याला कुणी 'पालकाची निवड' म्हणत असेल तर त्यानं एकदा श्रावणात त्या घरची कणगी उघडून बघावी.

भट्टीवाल्या घराबद्दल जरा जास्त बोलायला पाहिजे, कारण शाळा बंद पडायची सुरुवात त्या घरापासून होते आणि ते कुणी सांगत नाही.

शाळेचा पट धरला जातो 30 सप्टेंबरचा. त्या दिवशी भट्टीची पोरं गावात असतात, वर्गात असतात. दिवाळीनंतर ती भिवंडी-वसईच्या भट्टीवर, कुणी रेतीवर, कुणी बांधकामावर. वर्गात मग सहा-सात पोरं राहतात. तपासणीचा साहेब फेब्रुवारीत येतो, पटावर इतकी आणि वर्गात इतकीच असं लिहून घेतो. पोरगं जूनला परत येतं तेव्हा मागचं विसरलेलं असतं, वर्ग पुढं गेलेला असतो. दोन वर्षं असं झालं की ते स्वतःच शाळेत जायला लाजतं. तिसऱ्या वर्षी ते भट्टीवर विटा वाहतं. आता त्यात आधारची भर पडलीय. शिक्षक किती द्यायचे हे ठरवताना आधार जुळलेलीच पोरं मोजतात. कातकरी वाडीत जा, किती पोरांचं आधार नीट आहे बघा. कुणाचं नाव चुकलंय, कुणाची जन्मतारीख, कुणाचा जन्मदाखलाच नाही. वर्गात बसलेलं, खिचडी खाणारं, पाढे म्हणणारं जितंजागतं पोरगं हिशेबात नसतं. वनहक्काच्या दाव्यात आपल्याला हेच भेटलं होतं. माणूस शेतात उभा, आणि कागद म्हणतो इथं कुणी कसत नाही.

यावर उपाय नाहीतच असं नाही. 'हंगामी वसतिगृह' नावाची योजना आहे. आईबाप स्थलांतराला गेले तर पोर आजीकडं किंवा नातेवाइकाकडं गावातच राहतं आणि त्याच्या दोन वेळच्या जेवणाची सोय शासन करतं. दुसरं, पोर गाव सोडून जात असेल तर गुरुजींनी त्याला शिक्षण हमी पत्रक द्यायचं असतं, म्हणजे जिथं जाईल तिथल्या शाळेनं दाखला न मागता बसवून घ्यावं. भट्ट्यांवर पूर्वी भोंगा शाळा चालल्या, मजुरांच्या भोंग्यातच वर्ग भरवला. पण हंगामी वसतिगृहासाठी गावातून किती पोरं मागं राहणार याची यादी ऑक्टोबरात तयार पाहिजे. आपण ती यादी भट्टीचा ट्रक येऊन गेल्यावर करायला बसतो. आणि ज्यांनी यादीसाठी आवाज करायचा ती माणसं कोण? रस्त्याकडेच्या स्लॅबच्या घरातली. त्यांचं पोरगं पिवळ्या गाडीत बसलेलं असतं, त्यांना ही गोष्ट आठवायचं कारणच राहत नाही.

आता नामांकित शाळेकडे वळू. 2010-11 पासून आदिवासी विकास विभाग आपल्या मुलांना शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळांत घालतो आणि फी शासन भरतं. 2015 मध्ये दरवर्षी 25 हजार मुलांपर्यंत जायचं ठरलं. अटी वाचल्या तर वाटतं की योजना गरिबासाठीच आहे. उत्पन्नाची मर्यादा आहे, आईबाप सरकारी नोकर नसावेत असं आहे, दारिद्र्यरेषेखालच्यांना, आदिम जमातींना, विधवेच्या मुलांना आधी घ्या असंही आहे. चांगलं आहे. पण त्या फॉर्मला जातीचा दाखला लागतो, उत्पन्नाचा दाखला लागतो, जन्माचा पुरावा लागतो, फोटो लागतात, प्रकल्प कार्यालयाला दोन-तीन खेपा लागतात. एका खेपेचं भाडं आणि बुडालेली मजुरी धरा. भट्टीवरचा बाप फॉर्मच्या दिवसांत गावातच नसतो. म्हणजे गरिबासाठीच्या योजनेतसुद्धा गरिबांतला जरा बरा पुढं जातो, ज्याचा एखादा भाचा ऑनलाईन फॉर्म भरू शकतो तो. एकदम खालचं घर तिथंही बाहेरच. एकलव्य शाळेचं तर सरळच आहे, सहावीला परीक्षा देऊन घेतात. ज्याची चौथी-पाचवी नीट झाली तो जाणार.

अजून एक गोष्ट लोक विचारत नाहीत. ज्या पोराला सहाव्या वर्षी दीडशे किलोमीटर लांब नेलं, ते दिवाळीत घरी येतं तेव्हा आजीशी काय बोलतं? वारली, कातकरी, कोकणी, पावरी बोलणाऱ्या घरचं पोर, मराठीसुद्धा त्याला परकी, त्याला एकदम इंग्रजीत बसवलं. काही पोरं निभावतात, शाबासकी त्यांची. पण पोर मध्येच परत आलं की ते ना तिथलं ना इथलं. आणि त्याला गावची शाळा परत घेईपर्यंत अर्धं वर्ष जातं.

खासगी शाळेत 25 टक्के जागा गरिबांना, हा 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातला हक्क. 2024 च्या फेब्रुवारीत राज्य सरकारनं तो जवळजवळ काढून घेतला होता. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर तिथल्या खासगी शाळेला सूट, असा नियम केला. त्याच वर्षी जुलैत मुंबई उच्च न्यायालयानं तो रद्द केला. बरं झालं. पण आपल्याला यातून काय? अनुसूचित जमातीच्या मुलाला या 25 टक्क्यांत उत्पन्नाचीही अट नाही. तरी प्रवेश अंतरावर ठरतो, एक किलोमीटर, तीन किलोमीटर असं. पाड्यापासून तीन किलोमीटरवर जंगल आहे, नदी आहे, खासगी शाळा कुठाय? म्हणून हा हक्क नाशकात, ठाण्यात राहणाऱ्या आदिवासी नोकरदाराच्या पोराला मिळू शकतो, आणि वाडीवरच्या कातकऱ्याला कागदावर मिळतो. कुणाला मिळाला याचं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. हक्क दोघांचाही आहे, फक्त एकाच्या घराजवळ शाळा आहे.

इथं कुणीही म्हणेल, 'ते सगळं खरं, पण इंग्लिश शाळेतली पोरं हुशार निघतात हे डोळ्यानं दिसतंय ना?' दिसतं. पण ती शाळेमुळं हुशार आहेत की घरामुळं, हे नुसतं बघून कळत नाही. बैल धष्टपुष्ट दिसला तर गोठ्याचं कौतुक करायचं की चाऱ्याचं?

हे वेगळं करून बघायचा एक मोठा प्रयत्न आपल्या शेजारच्या आंध्र प्रदेशात झाला, तेव्हा तेलंगण वेगळं व्हायचं होतं. 2008 पासून चार वर्षं तो चालला. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन या दोघा अभ्यासकांनी 5 जिल्ह्यांतली 180 गावं घेतली. सरकारी शाळेतल्या ज्या पोरांच्या आईबापांना खासगी शाळा हवी होती त्यांची नावं लिहून घेतली आणि चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठी निघाली त्याची खासगी शाळेची फी भरली, नाही निघाली त्याचं पोर होतं तिथंच राहिलं. चिठ्ठी यासाठी की चिठ्ठी घर बघत नाही. कुणाचा बाप शिकलाय, कुणाकडं जमीन आहे, हे चिठ्ठीला कळत नाही, म्हणून दोन्हीकडं सारखीच घरं पडतात. मग जो फरक राहील तो शाळेचा.

दोन वर्षांनी आणि परत चार वर्षांनी परीक्षा घेतल्या. तेलुगू आणि गणितात दोन्हीकडची पोरं सारखीच निघाली. हिंदीत खासगी शाळेतली पुढं होती, कारण सरकारी शाळेत हिंदी फारसं शिकवतच नव्हते. तेलुगूतून एकदम इंग्रजी माध्यमात गेलेल्या पोरांना ते जड गेल्याच्या खुणाही त्यांना दिसल्या. म्हणजे चिठ्ठ्यांच्या आधी खासगी आणि सरकारी पोरांत जो मोठा फरक दिसत होता, त्यातला बराचसा घरातून आलेला होता.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट लपवू नये. खासगी शाळेचा एका पोरामागचा खर्च सरकारी शाळेच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी होता. खासगीवाले हे लगेच दाखवतात, बघा कमी पैशात तेवढंच शिकवतो. खरं आहे. पण तो खर्च कमी होतो मास्तरांना तुटपुंज्या पगारावर राबवून. मजुरीसाठी भांडणाऱ्या आपल्या संघटनेनं त्यावर काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. आणि सरकारी मास्तरला भरपूर पगार मिळून तो सोमवारी दुपारी उगवतो आणि शुक्रवारी दुपारी मावळतो, त्याला आपण काही बोलायचं की नाही, हेही ठरवा. मी त्याची बाजू घ्यायला बसलेलो नाही.

घराच्या पैशावर शाळा कशी हलते ते कोरोनाच्या वेळी सगळ्या देशानं बघितलं. 'असर' नावाची पाहणी खेड्यांत घरोघर जाऊन होते. 2018 मध्ये 6 ते 14 वयाची खेड्यातली 65.6 टक्के पोरं सरकारी शाळेत होती. 2022 मध्ये ती 72.9 टक्के झाली. 2024 मध्ये परत खाली, 66.8. या सहा वर्षांत सरकारी शाळा एकदम सुधारल्या आणि परत एकदम बिघडल्या असं झालेलं नाही. घराचा धंदा बसला, मजुरी गेली, लहान खासगी शाळा बंद पडल्या, तेव्हा पोरं सरकारी शाळेत आली. हातात पैसा खुळखुळायला लागला, पोरं परत गेली. काळजी करणारे आईबाप 2022 मध्ये बेफिकीर झाले होते काय?

इंग्रजी नको असं माझं म्हणणं नाही. साहेबाची भाषा साहेबाच्याच पोराकडं राहावी असं कुणी सांगितलं तर आपण ऐकून घेणार नाही. 2000 सालापासून आपल्या मराठी शाळेतही पहिलीपासून इंग्रजी विषय आहे. तो शिकवला जातो का, हे विचारायला कोण जातं, हा प्रश्न आहे. एक मास्तर, चार वर्ग, त्यात त्याला मतदार यादी, ऑनलाईन माहिती, खिचडीचा हिशेब.

विचारणारे कमी होत जातात हीच खरी दुखती जागा. पगारवाल्या घराचं पोर शाळेतून निघालं की नुसता पटावरचा एक आकडा कमी होत नाही. गटशिक्षणाधिकाऱ्याला फोन लावणारा बाप कमी होतो. कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक पाहिजेत आणि निम्म्या बाया पाहिजेत. समितीत आता राहतात भट्टीवर जाणारे आणि कागद वाचता न येणारे. सही करायला गुरुजी रजिस्टर घरी आणून देतात, अंगठा होतो, समिती झाली. मग मास्तर येईनासा होतो, मग पट्टेवालं घरही म्हणतं की इथं काही खरं नाही, पोराला आश्रमशाळेत टाकू. पट वीसच्या खाली.

आणि वीसच्या खाली गेलं की पुढं काय, ते 2023 च्या सप्टेंबरात दिसलं. कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करायचे प्रस्ताव शिक्षण आयुक्तांच्या कार्यालयानं जिल्ह्यांकडून मागवले. राज्यात 20 पेक्षा कमी पटाच्या शाळा 14 हजारांहून जास्त होत्या. नमुना म्हणून पुण्यातलं पानशेत आणि नंदुरबारचं तोरणमाळ दाखवलं गेलं. 2017 मध्येही 1314 शाळांची यादी अशीच निघाली होती, तेव्हा निकष 10 पटाचा होता. समूह शाळेत प्रयोगशाळा असेल, मैदान असेल, वर्गाला स्वतंत्र मास्तर असेल, गाडी येईल असं सांगतात. गाडी पावसाळ्यात ओहोळ ओलांडून पाड्यावर येईल का, हे सांगत नाहीत. रोज दोन-तीन किलोमीटर जंगलातनं चालायची वेळ आली की आधी कोण घरी बसणार? सात वर्षांची मुलगी. पगारवाल्याचं पोर तर कधीच गेलेलं, पट्टेवाल्याचं आश्रमशाळेत. बंद शाळेचा मार खातं ते घर, ज्याच्याकडं दुसरी शाळाच नाही.

2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रातली साक्षरता 82.3 टक्के आणि आदिवासींची 65.7 टक्के. हे अंतर आदिवासी आईबापाला पोराची माया कमी म्हणून पडलंय असं मानायचं का?

आता थोडं कडू. संघटनेच्या बैठकीत पुढं बसणाऱ्यांत ज्यांना मानधन आहे, दुकान आहे, गाडी आहे, त्यांची पोरं कुठं शिकतात? मोर्चात 'झेडपी शाळा वाचवा' ही घोषणा सगळ्यांत जोरात देणाऱ्याचं पोर कुठं आहे? कुणाला पोर परत आणायला सांगायचा हक्क संघटनेला नाही. आपल्या पोरावर कुणी प्रयोग करू नये, मीही म्हणणार नाही. पण पोर बाहेर शिकतं म्हणून गावच्या शाळेशी आपला संबंध संपला, हे चालणार नाही. ग्रामसभेचा माणूस म्हणून शाळेच्या दारात उभं राहायला कुणी अडवलेलं नाही. नर्मदेच्या काठावर, जिथं सरकारी शाळा कागदावरच चालत होत्या, तिथं 1990 च्या दशकात बुडितातल्या गावांनी स्वतःच्या जीवनशाळा चालवल्या. ती काही पगारदारांची गावं नव्हती.

आपल्या हातात दोन कायदे आहेत आणि ते शाळेसाठी वापरायचं आपल्या डोक्यात येत नाही. वनहक्क कायदा 2006, कलम 3 (2). गावाच्या सोयीसाठी एक हेक्टरपर्यंत वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीनं मिळू शकते, हेक्टरी 75 पर्यंतच झाडं तोडावी लागत असतील तर. त्या सोयींच्या यादीत पहिलं नाव शाळेचं आहे. 'जागा वनखात्याची आहे, खोली बांधता येत नाही' असं कुणी बोललं तर हे कलम त्याच्यापुढं ठेवा. दुसरा पेसा, 1996 चा. सामाजिक क्षेत्रातल्या संस्था आणि तिथले कर्मचारी यांच्यावर नियंत्रणाचा अधिकार त्यात ग्रामसभेला आणि पंचायतीला दिलेला आहे. शाळा ही सामाजिक क्षेत्रातली संस्था नाही तर काय आहे? शाळा बंद करायचा किंवा जोडायचा कागद आला तर ग्रामसभेत ठराव झाल्याशिवाय तो पुढं जाता कामा नये. तो ठराव लेखी करा, पोच घ्या.

पण मूळ धागा सोडू नका. जमिनीचा दावा आणि शाळेचा पट ही दोन खाती नाहीत. पट्टा मिळालेलं घर दिवाळीनंतर ट्रकमध्ये बसत नाही, आणि ट्रकमध्ये न बसलेलं पोर फेब्रुवारीतही वर्गात असतं. सामूहिक वनहक्कातून तेंदू, बांबू, मोह यांचा पैसा ग्रामसभेच्या खात्यात येत असेल तर त्यातनं पहिलं काय करायचं यावर भांडणं होतात. देऊळ म्हणतात, मंडप म्हणतात, भांडी म्हणतात. भट्टीच्या पोरांची चार-पाच महिन्यांची खिचडी त्यात कुठं बसते तेही एकदा बोलून घ्या. शासनाचं हंगामी वसतिगृह मंजूर होईपर्यंत ट्रक थांबत नाही.

पुढच्या मासिक बैठकीला प्रत्येक पाड्यानं एक वही आणायची आहे. रकाने असे आखा: घर, पोराचं नाव, वय, मुलगा की मुलगी, कुठल्या शाळेत, आधार आहे का आणि त्यावर नाव बरोबर आहे का, घर स्थलांतराला जातं का आणि कधी, मागं सांभाळायला कुणी आहे का, आणि शेवटी वनपट्ट्याचा दावा कुठं अडकलाय. शाळेतून आकडे उतरवून आणू नका, घरोघर फिरून लिहा. कातकरी वाडी आणि नदीपलीकडची घरं सुटतात, तिथं आधी जा. भट्टीवरून अजून न आलेल्या घरांपुढं फुली मारून ठेवा, जूनच्या पहिल्या आठवड्यात परत जायचंय. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सातवी-आठवीतलं एखादं पोर बरोबर घ्यावं, ते लिहील.